आधी पाणबुड्या घडवा, मग सिलिंडर घ्या

मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण,
छत्रपती संभाजीनगर यांस,



२३ मे २०२४ रोजी अकोले तालुक्यातल्या सुगाव इथे, प्रवरेत बुडालेल्या तरुणाच्या शोधासाठी धुळ्याहून राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आली होती. त्यांची बोट भोवऱ्यात सापडून उलटली आणि शोधायला आलेल्यांपैकी तीन जवान गेले. त्याच्या दोनच दिवस आधी उजनीच्या पाण्यात कुगाव-कळाशी दरम्यान प्रवासी बोट उलटून सहा जणांचा जीव गेला होता, त्यामुळे त्या आठवड्यात सगळीकडे हीच चर्चा होती. पुढे पाऊस आला, धरणे भरली, चर्चा थांबली. प्रवरा मात्र कायगाव टोक्यापाशी गोदावरीला मिळून आपल्याच नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात येते. असाच प्रसंग उद्या पैठणला किंवा कायगावला ओढवला तर पाण्यात कोण उतरणार, आणि उतरणाऱ्याला काय शिकवलेले असणार, हे विचारण्यासाठी हे पत्र लिहितो आहे. साधा अर्जही देता आला असता. पण हा विषय एका टेबलावरचा नाही. जलसंपदा, महापालिका, पोलीस, मच्छीमार संस्था या सगळ्यांनी तो एकाच वेळी वाचावा, म्हणून उघडपणे लिहितो.

कोण उतरणार, हे गोदाकाठी कुणालाही विचारा, तो सांगेल. माणूस बुडाल्याची बातमी गावात पसरते, कुणी अग्निशमन दलाला फोन लावतो आणि त्याच वेळी दुसरा कुणी मच्छीमार वस्तीकडे मोटारसायकल पिटाळतो. गाडी पोहोचायच्या आत भोई किंवा कहार समाजाचे दोघे-तिघे काठावर हजर असतात. सदरा काढायचा, छाती भरून घ्यायची आणि बुडी मारायची. तळ चाचपायचा, दम संपला की वर यायचे, पुन्हा जायचे. हाताला काही लागले नाही तर गळ टाकून तळ चाळायचा. मी गंगापूर तालुक्यात, पाठीला सांगड बांधून विहिरीत पोहायला शिकलो, त्यामुळे हे लहानपणापासून पाहिले आहे. त्या माणसांचा रोजगार बुडतो, कानात महिनोन् महिने दुखत राहते, आणि हातात पडतो एक कप चहा. फार तर पंधरा ऑगस्टला शाल-श्रीफळ.

आणि ते शोधून आणतात ते केवळ शव नसते. शवविच्छेदनाचा कागद नसला की मृत्यूचा दाखला अडतो. शेतकरी कुटुंबाला गोपीनाथ मुंडे अपघात योजनेतून मिळणाऱ्या दोन लाखांचा प्रस्ताव अडतो. माणूस सापडलाच नाही तर कायद्याने तो मृत समजला जाण्यासाठी सात वर्षे थांबावे लागते. घरातली बाई तोवर ना सौभाग्यवती ना विधवा. म्हणून हे काम झालेच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ते कसे व्हावे, एवढाच प्रश्न आहे.

प्रत्येक दुर्घटनेनंतर एक मागणी हमखास होते: पाणबुड्यांना स्कूबाचे किट द्या. मागणी योग्य आहे, पण ती अर्धीच आहे, आणि अर्धी मान्य झाली तर जीव घेणारी आहे. माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. आज आपल्या पट्टीच्या पोहणाऱ्याला सिलिंडर न देता पाण्यात सोडण्यात जेवढा धोका आहे, त्याहून जास्त धोका त्याला न शिकवता सिलिंडर देण्यात आहे. याचे कारण धैर्याच्या कमतरतेत नाही, हवेच्या गुणधर्मात आहे.

भोई काठावर छाती भरून घेतो आणि खाली जातो. खाली पाण्याचा दाब वाढतो तशी छातीतली हवा आक्रसते. दहा मीटरवर तिची जागा निम्मी होते. वर येताना ती पुन्हा मूळच्या मापाची होते, म्हणून त्याने कितीही वेळा दम धरला तरी फुप्फुस फाटत नाही. सिलिंडर लावलेला माणूस तळाशी जी हवा ओढतो ती मात्र तळाच्या दाबाची असते. दहा मीटरवर छाती भरून घेऊन, दम धरून तो वर निघाला, तर तीच हवा पृष्ठभागापर्यंत दुप्पट जागा मागते. छातीत तेवढी जागा नसते. फुप्फुसाचे पडदे फाटतात, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात, ते मेंदूपर्यंत पोहोचले तर माणूस वर येतो तोच बेशुद्ध होऊन. यासाठी फार खोल जावे लागत नाही. भरल्या छातीने चार-पाच फुटांवरून वर आल्यानेही असे घडू शकते. म्हणून जगभर स्कूबाच्या शिक्षणात पहिला नियम एकच असतो: श्वास कधीही रोखायचा नाही. आणि आपला पट्टीचा पोहणारा आयुष्यभर नेमके तेच करत आलेला असतो.

हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मालवणकडचे एक प्रशिक्षक शहरात आले होते. त्यांच्या देखरेखीखाली माझ्या एका भोई मित्राने एका जलतरण तलावात पहिल्यांदा सिलिंडरची हवा देणारा रेग्युलेटर तोंडात धरला. नाथसागरावर त्याच्यासारखा बुडी मारणारा दुसरा नाही. उथळ बाजूला उभे राहून त्याने दोन श्वास नीट घेतले. मग पाण्याखाली गेला आणि बुडबुडे थांबले. सिलिंडर पाठीवर, नळी तोंडात, आणि हा छाती भरून दम धरून बसला होता. त्याच्या नकळत. प्रशिक्षकांनी त्याच्या खांद्याला धरले, दोन बोटांनी त्याच्या छातीवर टिचकी मारली आणि स्वतःच्या तोंडाने बुडबुडे सोडून दाखवले. त्याने सोडले. खोल बाजूला गेल्यावर डोळ्यांवरची काच थोडी गळू लागली, नाकात पाणी गेले, आणि सवयीने तो पायाचा रेटा देऊन वर निघाला. पुन्हा बुडबुडे बंद. प्रशिक्षकांनी पोटरीला धरून थांबवले म्हणून बरे. वर आल्यावर तो म्हणाला, 'भाऊ, वर जाताना श्वास सोडायचा म्हणजे जीवच सोडल्यासारखं वाटतं.' त्या एका वाक्यात प्रशिक्षणाची सगळी गरज आली. ही सवय व्याख्यानाने मोडत नाही. शांत, स्वच्छ पाण्यात, शिकवणाऱ्याच्या हाताखाली, काच काढून पुन्हा घालायची, नळी सोडून पुन्हा शोधायची, हवा संपल्याचे नाटक करून जोडीदाराच्या नळीवर वर यायचे, हे इतक्या वेळा करावे लागते की घाबरलेला हातही तेच करील. आता तो मित्र हे सगळे सहज करतो. त्याला किती महिने लागले, ते तोच सांगू शकेल.

दुसरी गोष्ट हवेच्या हिशेबाची. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने हवा भरली तर ती साधारण २,४०० लिटर होते. त्यातली पाव हवा परतीसाठी राखून ठेवायची, ही शिस्त. उरली १,८००. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला सुमारे वीस लिटर हवा घेतो, दहा मीटरवर चाळीस. म्हणजे पाऊण तास. पण गढूळ पाण्यात चाचपडणारा, धास्तावलेला, चिखलात पाय रोवून दोर ओढणारा माणूस याच्या दुप्पट-तिप्पट हवा ओढतो. पाऊण तासाची पंधरा-वीस मिनिटे होतात. दाबमापकाचा काटा अंधारात दिसत नाही. ज्याला हा हिशेब सवयीचा नाही, त्याला हवा संपल्याचे कळते ते नळी ओढायला जड लागल्यावर.

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या संशोधकांनी हौशी स्कूबातल्या ९४७ मृत्यूंची तपासणी करून २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्या प्रकरणांत अपघाताची सुरुवात कशाने झाली हे सांगता आले, त्यांतली ४१ टक्के हवा कमी पडल्याने सुरू झाली होती, २० टक्के कशात तरी अडकल्याने आणि १५ टक्के उपकरणांच्या अडचणीने. सामान मोडण्यापेक्षा माणसाचा हिशेब चुकण्याने कितीतरी जास्त जीव गेले. अनुभवी माणूसही यातून सुटत नाही. २०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत अडकलेली मुले बाहेर काढण्याच्या मोहिमेत आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ पंपांच्या कामाला गेले होते, म्हणून ती मोहीम आपल्याकडे अनेकांना आठवत असेल. त्या मोहिमेत ६ जुलै रोजी थाई नौदलाचा एक माजी पाणबुड्या दगावला. गुहेत हवेचे सिलिंडर पोहोचवून तो परत येत होता.

आता आपल्या पाण्याकडे येतो. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ दिसतात, मासे दिसतात, सोबत्याचे डोळे दिसतात. आपल्याकडे तसे नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचा गाळ घेऊन आलेल्या नाथसागरात हात लांब केला तर बोटे दिसत नाहीत. तिथला शोध हा डोळ्यांचा नसतो, हाताचा असतो. पाणबुड्याच्या कमरेला दोर, दोराचे दुसरे टोक काठावरच्या किंवा बोटीतल्या माणसाच्या हातात. एक झटका म्हणजे ठीक, दोन म्हणजे ढील दे, अशा आधी ठरवलेल्या खुणा. काठावरचा माणूस दोर थोडा थोडा सोडत जातो आणि पाणबुड्या ताणलेल्या दोरावर अर्धवर्तुळात तळ चाचपत जातो. कुठला भाग झाला, कुठला राहिला, याची नोंद कागदावर काठावर होते. शेजारी दुसरा पाणबुड्या पूर्ण तयारीत बसून असतो, तो फक्त पहिल्याला काही झाले तरच उतरतो. म्हणजे एक माणूस खाली जाण्यासाठी किमान चार माणसे शिकलेली लागतात. आपल्याकडे बहुधा सगळ्यांनाच उतरायचे असते आणि दोर धरायला शिकलेला कुणीच नसतो. मला विचाराल तर या पथकातला सर्वांत महत्त्वाचा माणूस दोर धरणारा आहे, आणि प्रशिक्षणाचा सर्वाधिक वेळ त्याच्यावर खर्च व्हावा.

धरणाच्या भिंतीजवळचे पाणी ही आणखी वेगळी गोष्ट. जायकवाडीला सत्तावीस दरवाजे आहेत, कालव्यांची तोंडे आहेत, शहराला आणि उद्योगांना पाणी देणाऱ्या योजनांचे जॅकवेल आहेत. एका बाजूला दहा मीटर पाणी आणि पलीकडे मोकळी हवा असेल, तर फुटभर व्यासाच्या छिद्रावर साधारण सातशे किलोचा जोर असतो. तिथे हात किंवा पाय ओढला गेला तर काठावरची दहा माणसे मिळूनही तो सोडवू शकत नाहीत. वरून पाणी शांत दिसते, म्हणूनच हा धोका कळत नाही. वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांतल्या कोणत्याही कामगाराला विचारा: मशीन दुरुस्त करताना वीज बंद करून कुलूप लावतात आणि किल्ली दुरुस्ती करणाऱ्याच्या खिशात असते. तोच नियम दरवाज्यांना आणि पंपांना हवा. फोनवर 'बंद केलंय साहेब' एवढे पुरेसे नाही. बंद केल्याचा लेखी कागद, कुलूप, आणि किल्ली पथकप्रमुखाच्या हातात. ते होईपर्यंत कुणीही भिंतीजवळ उतरायचे नाही. जलसंपदा विभाग आणि महापालिका दोघांना हा आदेश एकाच सहीने देऊ शकेल असे पद जिल्ह्यात आपलेच आहे.

खाम नदी शहराचे सांडपाणी घेऊन याच जलाशयाकडे जाते. तिच्या मुखाजवळ, किंवा शहरातल्या नाल्यांत आणि खदानींत साचलेल्या पाण्यात उतरणाऱ्याला पर्यटकाची काच आणि तोंडातली नळी चालणार नाही. पूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा लागतो, ज्यात तोंडानाकात घाण पाणी जात नाही आणि काठाशी बोलताही येते. शिवाय दोरात, जाळ्यात, बाभळीच्या फांद्यांत अडकण्याची भीती. मच्छीमारांनी टाकलेली आणि हरवलेली नायलॉनची जाळी तळाला पडून असतात आणि ती दिसत नाहीत. म्हणून हाताला येतील अशा दोन ठिकाणी दोन कापणारी साधने, आणि मुख्य सिलिंडर संपला तर वर येण्यापुरती हवा देणारा छोटा स्वतंत्र सिलिंडर.

एक तांत्रिक बाब लिहितो, कारण ती मालवणला शिकवण्याची गरज पडत नाही. समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वरच्या पाण्यात उतरताना खोली आणि वेळेचे नेहमीचे तक्ते तसेच्या तसे लागू होत नाहीत, कारण वरची हवाच विरळ असते. नाथसागराची पूर्ण पातळी १,५२२ फूट, म्हणजे सुमारे ४६४ मीटर आहे. पाणी गोडे असल्याने शरीर समुद्रापेक्षा कमी तरंगते, म्हणून कमरेचे वजनही कमी लागते. समुद्रावरचे वजन तसेच बांधून आलेला माणूस इथे दगडासारखा खाली जाईल. मालवणकडे शिकून आलेल्यांना इथल्या पाण्यात पुन्हा बसवावे लागेल.

उपकरणांच्या खरेदीबद्दल माझी काळजी वेगळी आहे. निविदा निघेल, कमी दराचे किट येईल, पाहुण्यांच्या हस्ते लोकार्पण होईल. आणि मग? रेग्युलेटरमधले रबर उन्हाने कडक होते, पडदे चिकटतात, म्हणून त्याची दरवर्षी उघडून दुरुस्ती लागते. सिलिंडरची आतून पाहणी आणि दाबचाचणी मुदतीत व्हावी लागते. गॅस सिलिंडरचे नियम आहेत आणि ते पाहणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. सगळ्यांत नाजूक गोष्ट हवा भरण्याची. आपल्या औद्योगिक वसाहतींत गल्लोगल्ली कॉम्प्रेसर आहेत आणि कुणीतरी उत्साहाने तिथून सिलिंडर भरून आणेल, ही भीती मला खरोखर वाटते. कारखान्याच्या कॉम्प्रेसरमध्ये तेलाची वाफ असते. हवा ओढणारी नळी डिझेल इंजिनच्या धुराजवळ असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत जातो. त्याला वास नाही. काठावर कमी प्रमाणात जो वायू डोकेदुखी देतो, तो दहा मीटरवर दुप्पट दाबाने रक्तात जातो. श्वासाच्या हवेसाठी वेगळा कॉम्प्रेसर आणि मुदतीत बदलली जाणारी गाळणी हवी. दवाखान्यातला ऑक्सिजन तर मुळीच भरायचा नाही. सहा मीटरखाली शुद्ध ऑक्सिजन विषासारखा काम करतो, झटके येतात आणि तोंडातली नळी सुटते. तसेच अग्निशमन जवानांच्या पाठीवरचा धुरात वापरायचा बीए सेट पाण्यासाठी नसतो. दिसायला तो स्कूबासारखा दिसतो, एवढेच. विषारी वायू साचलेल्या कोरड्या विहिरीत तो जीव वाचवतो, भरल्या विहिरीत नाही.

म्हणून माझी विनंती आहे की जिल्हा वार्षिक योजनेत जी तरतूद होईल, तिचे दोन भाग करावेत. पहिल्या वर्षी निम्म्याहून अधिक पैसा माणसांवर खर्च व्हावा. पुढच्या प्रत्येक वर्षी देखभाल, हवा, सराव आणि विमा यांसाठी ठरलेली रक्कम वेगळी असावी. ही रक्कम नसेल तर किट घेऊच नये. हे टोकाचे वाटेल, पण भांडारात दोन वर्षे पडलेला रेग्युलेटर घेऊन उतरलेल्या जवानाच्या घरी जाण्याची वेळ आपल्यावर येऊ नये.

प्रशिक्षणासाठी लांब जावे लागत नाही. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था तारकर्लीला आहे. जीवरक्षण आणि बोट चालवण्याचे शिक्षण गोव्यात केंद्राच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत मिळते. बोटीचे शिक्षण मी मुद्दाम म्हणतो. तारकर्लीतच २४ मे २०२२ रोजी स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघांचा जीव गेला. डुबकी नीट झाली होती, घात परतीच्या वाटेवर झाला. सुगावला तर पाण्याखाली जायची वेळच आली नव्हती.

इथे आपल्या जिल्ह्यातल्या पर्यटकांबद्दल दोन शब्द. दिवाळीत आणि मे महिन्यात इथली शेकडो कुटुंबे मालवणला जातात, प्रशिक्षकाच्या हाताला धरून दहा-पंधरा मिनिटे पाण्याखाली जातात, व्हिडिओ घेऊन येतात. चांगला अनुभव आहे, जरूर घ्यावा. मात्र त्याला प्रशिक्षण समजू नये. तिथे हवा, खोली, तरंगणे सगळे प्रशिक्षक सांभाळत असतो. पथकासाठी नावे मागवाल तेव्हा 'मी स्कूबा केलंय' म्हणणारे उत्साही तरुण पुष्कळ येतील. त्यांना परत पाठवू नका, पण त्यांना पहिलीपासून शिकवा. पहिला अभ्यासक्रम तीन-चार दिवसांचा आणि अठरा मीटरपर्यंतचा असतो. त्याच्यापुढे बचावाचा, आणि त्याच्यापुढे अंधाऱ्या पाण्यातल्या शोधाचा. आपदा मित्र योजनेतले बारा दिवसांचे शिक्षण उपयोगी आहे, पण त्यात पूर, आग, भूकंप सगळेच येते, पाणबुड्या घडत नाही. आणि जे जवान चार-पाच दिवस रोज डुबक्या मारून परततील, त्यांना त्याच संध्याकाळी गाडीत बसवून आंबोलीचा घाट चढवू नका. शेवटच्या डुबकीनंतर निदान अठरा तास त्यांना मालवणातच राहू द्या. उंचीवर जाताना रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडण्याचा धोका असतो.

तसा त्रास नाथसागरावर कुणाला झाला तर काय, हेही आधीच ठरलेले हवे. काठावर ऑक्सिजन देण्याची सोय आणि तो देता येणारा माणूस, ही पहिली गोष्ट. पुढचे उपचार दाबाच्या कक्षात होतात. अशा उपचारांचा अनुभव असलेले नौदलाचे अश्विनी रुग्णालय मुंबईत आहे. तिथला संपर्क, रुग्णवाहिका, रस्ता हे सगळे एका कागदावर लिहून पथकाच्या गाडीत चिकटवलेले असावे. चिकलठाण्याहून विमानाने न्यायचा मोह होईल, पण विमानातला कमी दाब या रुग्णाला घातक असतो.

आता सर्वांत अवघड मागणी. पथकप्रमुखाला 'नाही' म्हणण्याचा अधिकार लेखी द्या.

काठावर काय असते ते आपण पाहिले असेल. आई जमिनीवर डोके आपटत असते. भाऊ जवानाच्या कॉलरला हात घालतो. कुणीतरी पुढाऱ्याला फोन लावून मोबाइल जवानाच्या कानाला लावतो. दहा जण शूटिंग करत असतात. अंधार पडायला आलेला असतो, बंधाऱ्यावरून पाणी वाहत असते, आणि 'तुम्हाला पगार कशाचा मिळतो?' असा प्रश्न येतो. अशा वेळी तरुण जवान उतरतो. तो भित्रा ठरायला तयार नसतो. पण आपल्या कोमट पाण्यात बुडालेला माणूस काही मिनिटांपलीकडे जिवंत राहत नाही. त्या मिनिटांत जे करायचे ते काठावरच्या माणसाने, आणि तेही आधी न उतरता: बांबू पुढे कर, दोर फेक, हवा भरलेली ट्यूब टाक, होडी ने. ती वेळ टळली की पुढचा शोध शवाचा असतो आणि शवासाठी दुसरा जीव पणाला लावणे कुठल्याही धर्मात बसत नाही. रात्री उतरायचे नाही, वाहत्या बंधाऱ्याखाली उतरायचे नाही, दरवाजे बंद नसतील तर उतरायचे नाही, दोर धरणारा नसेल तर उतरायचे नाही. हे नियम आपल्या सहीने जाहीर झाले, ग्रामपंचायतीत आणि पोलीस ठाण्यात लागले, तर तो जवान एकटा पडणार नाही. त्याच्या 'नाही'मागे आपण उभे असाल. गर्दीला मागे ठेवण्याची आणि त्या आईजवळ बसण्याची जबाबदारी दुसऱ्या कुणावर तरी नेमून द्या. ती पाणबुड्याची नाही.

शेततळ्यांचा विषय वेगळ्या पत्राचा आहे. तरी एवढे सांगतो, की प्लास्टिकच्या घसरड्या अस्तरावरून वर न येता आल्याने जी मुले जातात, त्यांना जगातला कुठलाही पाणबुड्या वाचवू शकणार नाही. तिथे काठाला बांधलेला गाठींचा दोर आणि एक ट्यूब, एवढेच कामी येते. त्याला ना निविदा लागते ना प्रशिक्षण.

पथकात कोण असावे? अग्निशमन दलाचे जवान हवेतच, पण निम्मी जागा पैठण, कायगाव आणि धरणाच्या फुगवट्यावरच्या गावांतल्या मच्छीमार कुटुंबांतल्या तरुणांना द्यावी. तळ कुठे खचतो, जुने पात्र कुठून जाते, बुडालेली गावठाणे आणि विहिरी कुठे आहेत, हे नकाशापेक्षा त्यांना जास्त ठाऊक आहे. धरण १९७६ मध्ये झाले तेव्हा ज्यांची गावे पाण्याखाली गेली त्यांचीही नातवंडे त्यांत असतील. त्यांना मानधन, विमा आणि ओळखपत्र द्या. सरावाच्या दिवसाची मजुरी द्या. महिन्यातून एकदा सराव झाला नाही तर शिकलेले विसरते, आणि बुडालेल्या मजुरीच्या भीतीने कुणी सरावाला येणार नाही. आज जे वडीलधारे दम धरून बुडी मारतात त्यांना या वयात सिलिंडर लावायला सांगू नका. त्यांना दोर धरायला आणि पाणी वाचायला ठेवा. त्यांचा शब्द पथकाने ऐकावा.

नाशिकचा सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. गोदावरीच्या घाटांवरच्या सुरक्षेसाठी शासन तयारीत आहेच. त्या तयारीतल्या प्रशिक्षणात आपल्या जिल्ह्याची आठ-दहा माणसे सामील झाली तर सिंहस्थात त्यांचा उपयोग होईल आणि पुढे नाथषष्ठीला पैठणच्या घाटांवरही. मागणी आत्ताच गेली पाहिजे.

सुरुवात निविदेने करू नये. घाटी रुग्णालयात एक दिवसाची तपासणी ठेवावी: कान, सायनस, छाती, हृदय, फिट्सचा इतिहास. ज्याच्या कानाचा पडदा फाटलेला आहे किंवा ज्याला दमा आहे, तो त्याच दिवशी बाजूला होईल. वर्षानुवर्षे बुड्या मारणाऱ्यांचे कान बहुधा खराब झालेले निघतील, त्यांच्यावर उपचारही तिथेच सुरू करता येतील. मग पोहण्याची चाचणी, मग जलतरण तलाव, मग तारकर्ली. नावांची यादी मच्छीमार संस्थांकडून मागवावी आणि ती येत्या पावसाळ्याआधी आपल्या टेबलावर यावी. गोदाकाठच्या पंधरा-वीस तरुणांशी मी बोललो आहे, ते तपासणीला यायला तयार आहेत. त्यांची नावे आपल्या कार्यालयातून निरोप येताच पाठवतो. दोर धरायला शिकवण्यासाठी मीही येईन.

आपला,
गंगापूर तालुक्यातील एक गोदाकाठचा रहिवासी